मंगळाची टोपी

आमच्या घराण्यात जमीनजुमला नव्हता, विद्या नव्हती, आणि एखाद-दुसरा हाजी सोडला तर पुण्याचाही फारसा साठा नव्हता. होती ती नजर. श्रीवर्धनच्या अलीकडे समुद्राला लागून आमचं गाव. पणजोबा गलबतावर, आजोबा गलबतावर, आणि ईदचा चाँद गावात सगळ्यांच्या आधी आमच्याच घरातल्या माणसाला दिसतो अशी पंचक्रोशीत ख्याती. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी लोक आकाशाकडे न बघता आजोबांच्या तोंडाकडे बघत म्हणे. आजोबा "दिसला" म्हणाले की ईद, नाही म्हणाले की आणखी एक रोजा. एवढा अधिकार तालुक्याच्या मामलेदारालाही नसावा. अब्बा नोकरीसाठी नव्या मुंबईत आले तेव्हा गावाहून एक पाटा-वरवंटा, दोन ट्रंका आणि ही नजर घेऊन आले. पाट्याची जागा पुढं मिक्सरनं घेतली. नजर मात्र घरात मानानं नांदत राहिली.

नेरूळच्या आमच्या चारमजली बिल्डिंगमध्ये रायगडच्या किनाऱ्यावरून आलेली आमच्यासारखी सहा-सात घरं होती. खरं तर तोवर चाँद दिसल्याचं मुंबईहून फोनवरच कळायचं आणि मशिदीतून जाहीर व्हायचं. पण फोनवरच्या चाँदाला चव नसते असं सगळ्यांचं मत होतं, त्यामुळे एकोणतिसाव्या संध्याकाळी सगळे गच्चीवर जमत. अब्बा सगळ्यांत शेवटी येत, हात-तोंड धुऊन वजू करून, टोपी घालून, नवरदेवासारखे. मधली वाट मोकळी होई. अब्बा जरा वेळ पश्चिमेला बघत आणि मग सावकाश पत्ता सांगत, अमुक बिल्डिंगच्या डावीकडे, तारेच्या वर दोन बोटं. की लगेच चारी बाजूंनी "दिसला, दिसला" सुरू. मीही म्हणायचे. आता केसांना मेंदी लावायचे दिवस आलेत, तेव्हा कबूल करायला हरकत नाही की सतरा वर्षांची होईपर्यंत मला एकदाही चाँद वेळेवर दिसलेला नव्हता. बाकीचे एकमेकांच्या गळ्यात पडायला लागले की मी आकाशाच्या साधारण त्या भागाकडे बघून हसायचे. मला वाटायचं, अख्ख्या गच्चीवर आंधळी मी एकटीच.

अब्बांचा या बाबतीत एक नियम होता, आजोबांकडून आलेला. घरात आम्ही गावचीच बोली बोलायचो, त्या बोलीत तो असा होता: "डोल्यानं बगला तेवढंच तोंडानं बोलायचं." चाँद पाहणं ही त्यांच्या लेखी साक्ष होती, आणि खोट्या साक्षीला ते चोरीपेक्षा वाईट मानत. नोकरीही त्यांना स्वभावाला साजेशी मिळाली होती. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ते वजनकाट्यावर होते. सळया भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, अब्बा वजन वाचायचे, चिठ्ठीवर लिहून सही करायचे. ड्रायव्हर आणि व्यापारी दिवसभर एकमेकांच्या आयाबहिणी काढत, पण अब्बांच्या आकड्याशी कुणी भांडत नसे. पूर्वी काट्याच्या दांडीवरच्या बारीक रेघा वाचाव्या लागत. मग लाल दिव्यांचे हातभर मोठे आकडे आले आणि अब्बांना तो स्वतःचा अपमान वाटला. आंधळ्यालाही वाचता येतील असले आकडे वाचायला माणूस कशाला हवा, असं ते अम्मीला सांगत. अम्मी म्हणायची, पगार तेवढाच देतात ना, मग वाचा.

मी सतरा वर्षांची झाले त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये घराला आंब्यांचा वास होता. दुसऱ्या मजल्यावरचे बशीरचाचा तुर्भ्याच्या फळबाजारात आंब्याचा व्यापार करायचे आणि पेटीतले डागी आंबे बिल्डिंगभर वाटायचे, त्यामुळे पलंगाखाली गवतावर आंबे पिकत पडलेले असत. संध्याकाळी अब्बा घरी आले की त्यांच्या शर्टाचा गंजाचा वास आणि आंब्यांचा वास एकमेकांत मिसळायचा. अम्मी तांदळाच्या रोट्या थापत असायची, सुक्या बोंबलाचं कालवण रटरटत असायचं आणि लांबून हायवेच्या ट्रकांचे हॉर्न. मला आजही आंबा कापताना लोखंड आठवतं. माझ्या सुनेला हे सांगितलं तर ती सुरी तपासते.

मी अकरावी सायन्सला होते आणि मला पाटकर मॅडम आवडायच्या. त्या आम्हाला फिजिक्स शिकवायच्या, केस आखूड ठेवायच्या आणि स्कूटर चालवायच्या. या तीनपैकी एकही गोष्ट आमच्या घरात कुणी केलेली नव्हती. आकाशात तेव्हा एक मोठा धूमकेतू आलेला होता, आणि मॅडमच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळानं आमच्या सेक्टरच्या पलीकडे, खाडीच्या बाजूच्या मोकळ्या मैदानावर आकाशदर्शनाचा जाहीर कार्यक्रम ठेवला होता. फलकावर लिहिलं होतं, सर्वांना प्रवेश मोफत. आकाशाला तिकीट लावायचा विचार आधी कुणी केला असावा असं वाटायला लावणारं ते वाक्य होतं. मे महिन्यात मॅडम निवडक चार विद्यार्थ्यांना दुर्बीण हाताळायला शिकवणार होत्या, आणि त्या चारांत मला जायचं होतं. त्यामुळे मैदानावर हुशार दिसणं गरजेचं होतं.

परवानगीची बोलणी दोन दिवस चालली. अम्मीचा मुद्दा असा की आकाश आपल्या गच्चीवरून दिसत नाही का, तिकडे काय निराळं आकाश आहे. मी दुर्बिणीचं सांगितलं. अब्बा इतका वेळ पेपर वाचत होते, दुर्बीण म्हटल्यावर त्यांनी तो खाली ठेवला. म्हणाले, मी येतो. मला नको होतं. मॅडमसमोर, वर्गातल्या मुलींसमोर, गंजाचा वास येणाऱ्या बापाला घेऊन जायची मला लाज वाटत होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण डोळ्यांनी बघितलेलंच बोलायचं असं एकदा ठरल्यावर इलाज नाही. अब्बांनी मात्र ईदचा पांढरा कुर्ता काढला आणि अत्तराचा बोळा कानात ठेवला. नजरेच्या कामाला जाताना ते नेहमी असेच जात.

रविवारी दिवेलागणीला मैदानावर जत्रा भरली होती. लोक चटया घेऊन आले होते, पाण्याच्या बाटल्या घेऊन आले होते, आकाशातून गारवा येईल या भीतीनं एप्रिलच्या उकाड्यात मुलांना स्वेटर घालून आले होते. भेळवाला तर लोकांच्या आधीच येऊन बसला होता. धूमकेतू पश्चिमेला, अर्ध्या उंचीच्याही खाली, शेपूट वर करून उभा होता आणि उघड्या डोळ्यांनी इतका ठळक दिसत होता की पाच मिनिटांत लोकांचा त्यातला रस संपला. अब्बाही बघून म्हणाले, हाय, झाडूवानी हाय. फुकट आणि सहज दिसणाऱ्या गोष्टीची किंमत ती काय. सगळी गर्दी दुर्बिणीपुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली, कारण दुर्बिणीतून पूर्वेकडचा मंगळ दाखवत होते, आणि तो मॅडम दाखवतील तेव्हाच दिसणार होता.

दुर्बीण म्हणजे तीन पायांवरचं पांढरं नळकांडं होतं. मॅडमच्या हातात भोंगा. त्या प्रत्येकाला सांगत होत्या की मधोमध एक लहान लालसर चकती दिसेल आणि नीट लक्ष दिलं तर तिच्या कडेला पांढरा ठिपका, ती मंगळावरची बर्फाची टोपी. लोक डोळा लावत, "अरे वा" म्हणत आणि पुढे सरकत. रांग आमच्यापासून दहा-बारा माणसांवर आली असताना भेळवाल्यानं गॅसबत्ती पेटवली. अंधार हवा म्हणून दोन तास घसा कोरडा केलेल्या मॅडम ताडताड तिकडे गेल्या. भेळवाल्याचं म्हणणं, अंधारात मी कांदा कापू की बोट. वाद रंगला. इकडे दुर्बीण मिलिंद नावाच्या एका कॉलेजच्या मुलाच्या हवाली झाली. त्याचं तोवरचं काम एवढंच होतं की लाल कागद लावलेली बॅटरी धरायची. मॅडम जाताना त्याला सांगून गेल्या होत्या की दर मिनिटाला नळकांडं थोडं थोडं सरकवत राहा. पण लोकांनी हात लावू नये हे ओरडून सांगण्यात तो इतका गुंतला की स्वतःही हात लावायचा विसरला.

पुढची माणसं बघत होती. कुणी म्हणालं, मस्त. कुणी म्हणालं, लाल आहे नाही. आमच्या पुढ्यात सफारी घातलेले एक गृहस्थ होते, त्यांनी बराच वेळ डोळा लावून बायकोला सांगितलं की टोपी अगदी स्पष्ट आहे, गांधी टोपीसारखी. बायकोलाही ती तशीच दिसली. मग अब्बांची पाळी आली. अब्बांनी डोक्यावरची टोपी मागं सरकवली, वाकले, उजवा डोळा लावला आणि तसेच राहिले. गच्चीवर राहायचे तसे. मिलिंदनं विचारलं, दिसला ना काका?

"नाय," अब्बा म्हणाले. "कायच दिसत नाय. काळोख हाय सगला."

मिलिंदनं त्यांना दुसरा डोळा मिटायला सांगितलं. तो मिटलेलाच होता. मग पापणी लांब ठेवायला सांगितलं, श्वास रोखायला सांगितलं. अब्बांनी सगळं केलं आणि पुन्हा नाय म्हणाले. मागून कुणीतरी म्हणालं की काका, तुमच्या वयात कठीणच आहे, पुढे चला, लाइन आहे. थोडे लोक हसले. सफारीवाल्यांनी मागं वळून समजावलं की जरा वरच्या बाजूला बघा, टोपी दिसेल. अब्बा बाजूला झाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कोडं पडल्यासारखं काहीतरी होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंचक्रोशीतली ती नजर, आणि भर मैदानात तिला लोक पुढे चला म्हणत होते.

मी डोळा लावला. आत काळं होतं. करडं-काळं, विहिरीत बघितल्यासारखं. मी डोळा इकडे-तिकडे फिरवला. माझ्याच पापणीचे केस दिसले. माझ्या मागं वर्गातल्या दोघी उभ्या होत्या, आणि घराण्याची जी काही अब्रू उरली होती ती आता माझ्या डोळ्यावर होती.

"दिसला," मी म्हणाले. "टोपीसुद्धा."

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मागून आणखी आठ-दहा जणांना मंगळ दिसला. माझ्या दोन्ही मैत्रिणींना दिसला. मग भेळवाल्याशी तह करून मॅडम परत आल्या, सवयीनं वाकून दुर्बिणीत बघितलं आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. मग हळूच विचारलं, "मिलिंद, हा मंगळ जाऊन किती वेळ झाला?"

मिलिंदनं हातातली बॅटरी विझवली. मॅडम हाडाच्या शिक्षिका. त्यांनी भोंगा उचलला आणि सगळ्या मैदानाला समजावून सांगितलं की पृथ्वी फिरत असते, त्यामुळे दुर्बीण एका जागी ठेवली तर दोन मिनिटांत ग्रह तिच्या बाहेर निघून जातो. गेली दहा मिनिटं दुर्बीण मोकळ्या आकाशाकडे लागलेली होती. तेव्हा ज्यांना काही दिसलं नसेल त्यांनी पुन्हा पुढे यावं.

मी पुढं पंचवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पृथ्वीचं परिवलन शिकवताना दरवेळी मला ती शांतता आठवायची. मैदानात शे-दीडशे माणसं, आणि एकही पुढे येईना. पुढे यायचं म्हणजे मघाशी काही दिसलं नव्हतं असं कबूल करायचं. सफारीवाल्यांना एकाएकी भेळ खावीशी वाटली. मीही जागची हलले नाही. मला तर दिसला होता, टोपीसकट. नव्या रांगेत उभे राहिले ते एकटे अब्बा.

मॅडमना केवढा आनंद झाला. शाबास काका, याला म्हणतात निरीक्षक, असं त्या भोंग्यातूनच म्हणाल्या. मघाशी हसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी मान ताठ झाली, जणू अब्बांना मीच घेऊन आले होते. मॅडमनी मंगळ पुन्हा मधोमध आणला, स्वतः खात्री केली आणि अब्बांना बोलावलं. अब्बांनी उजवा डोळा लावला. वेळ गेला. आणखी वेळ गेला.

"अजून नाय," ते म्हणाले.

मॅडमनी वाकून बघितलं. मंगळ जागेवर होता. अब्बांनी पुन्हा डोळा लावला आणि पुन्हा मान हलवली. आता कुणी हसलं नाही. अब्बांनी रुमाल काढून डोळा पुसला, दुर्बिणीकडे बघितलं, आणि मग, जन्मात बहुधा पहिल्यांदाच, डावा डोळा लावला.

"हां. हाय. तांबडा हाय." पुन्हा डोळा लावून ते म्हणाले, "टोपी नाय दिसत पन."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, टोपी आज मलाही दिसली नाही, हवा धुरकट आहे. मागच्या आठवड्यात दिसली होती म्हणून सांगत होते. माझ्या आजूबाजूला टोपी पाहिलेली जी माणसं होती ती सगळी धूमकेतूकडे बघायला लागली.

घरी जाताना अब्बा रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याखाली थांबत होते. एकदा उजवा डोळा तळहातानं झाकायचा, वर बघायचं. मग डावा झाकायचा, वर बघायचं. चार खांब झाले तेव्हा म्हणाले की उजव्यानं दिवा दिसत नाही, नुसता पिवळा धुरळा आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून चालणाऱ्या माणसाला एक डोळा निकामी झालेला कळत नाही. त्यासाठी एक डोळा मिटायला सांगणारं यंत्र लागतं. मी म्हणाले, पण तिथं खरं बोलणारे तुम्ही एकटेच होता.

"मी खरं बोललो ते चुकून," अब्बा म्हणाले. "मंगल असता तरी मना दिसला नसता. टाल्या फुकटच्या मिलाल्या."

असं स्वतःच्या विरुद्ध साक्ष देणारं माणूस मी नंतर बघितलं नाही. थोडं चालून ते पुन्हा थांबले आणि मला विचारलं की दोन महिन्यांपूर्वी रमजानच्या ईदेचा चाँद त्यांनी खरोखर पाहिला होता का. मला विचारलं, जिनं तो पाहिलाच नव्हता. त्यांना एक बारीक रेघ आठवत होती, पण ती रेघ चाँदाची की डोळ्यातल्या धुरळ्याची, हे आता कळायला मार्ग नव्हता. त्या संध्याकाळी त्यांच्या शब्दावर पन्नास माणसं गळ्यात गळे घालून रडली-हसली होती. डोळा गेल्याचं दुःख त्यांना नंतर झालं असेल. त्या रात्री त्यांना भीती होती ती आपण खोटी साक्ष दिली असेल तर, याची. माझ्या टोपीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

दोनच दिवसांनी पुन्हा एकोणतिसावी संध्याकाळ होती, बकरी ईदच्या महिन्याच्या आधीच्या महिन्यातली. या चाँदाला रमजानसारखी गर्दी नसते, कारण तो दिसल्यावरही ईद दहा दिवस लांब असते. गच्चीवर आम्ही सात-आठ जणच होतो. घाई होती ती फक्त बशीरचाचांना. आमच्यात रिवाज असा की ज्याला कुर्बानी द्यायची आहे त्यानं चाँद दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत केस आणि नखं कापायची नाहीत. चाचांचे केस आंब्याच्या धांदलीत कानांवर आले होते, आणि शुक्रवारी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. खालच्या सलूनवाल्याला त्यांनी खुर्ची धरून ठेवायला सांगितलं होतं. चाँद आज झाला तर दहा दिवस तसंच अस्वलासारखं राहायचं, उद्या असला तर आत्ता धावत जाऊन कटिंग. ते अब्बांच्या मागं उभं राहून सारखे, काय भाईजान, काय भाईजान करत होते.

क्षितिजावर धुराचा पट्टा होता. अब्बा नेहमीसारखे शेवटी आले, नेहमीच्या जागी उभे राहिले. त्यांना त्या दिवशी मशिदीत जाऊन बसता आलं असतं, डोकं दुखतंय म्हणता आलं असतं. ते आले. मीही बघत होते. मॅडमनी वर्गात सांगितलं होतं की अंधूक वस्तू शोधताना टक लावू नये, ओळखीच्या एखाद्या गोष्टीपासून सुरुवात करून नजर हळूहळू सरकवावी. मी विजेच्या टॉवरपासून सुरुवात केली. आणि तो होता. धुराच्या वर, टॉवरच्या उजव्या हाताला, केसाएवढा बारीक, आणि होडीसारखा आडवा. मी चाँद नेहमी कॅलेंडरवरच्यासारखा उभा समजत आले होते. सतरा वर्षं ज्याच्याकडे बघून मी हसत होते तो असा निजलेला असतो हे मला त्या क्षणी कळलं. मला फार आनंद झाला.

मी अब्बांकडे बघितलं. ते अजून शोधत होते, बरंच डावीकडे. एकदा हा डोळा झाकून, एकदा तो. मग त्यांनी हात खाली घेतले.

"मना दिसला नाय," ते म्हणाले. "कोनाला दिसला?"

असा प्रश्न त्या गच्चीवर आजवर कुणी विचारला नव्हता. कुणीच बोललं नाही. अब्बांच्या आधी चाँद बघायची कुणाला सवय नव्हती. मीही बोलले नाही. मी बोलले असते तर सगळ्यांना कळलं असतं की नजर गेली. बशीरचाचांनी एवढंच ऐकलं आणि एकेक पायरी गाळत जिना उतरले.

संध्याकाळची मगरिबची नमाज झाल्यावर अब्बा चटईवर बसूनच राहिले. अम्मीनं चहा आणून ठेवला तो निवला. मग त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं नाही, सांगितलंच, की तुला दिसला होता. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं.

"तू बगायची थांबलीस. ज्याला दिसत नाय तो शोधीत रेतो." मग म्हणाले, "बोलली का नाय?"

मी म्हणाले, तुम्हाला दिसला नव्हता म्हणून. मला वाटलं, ते विरघळतील. अब्बा उठले आणि चपला घालायला लागले. "परवा नाय दिसला तो दिसला बोललीस," ते म्हणाले, "आज दिसला तो गिललास. दोन्ही टायमाला लोकांच्या तोंडाकडे बगून. चल."

आम्ही चौथ्या मजल्यावरून दुसऱ्यावर उतरलो. बशीरचाचा नुकतेच खालून येऊन दाराचं कुलूप काढत होते. केस बारीक, कल्ले साफ, मानेवर पावडर, आणि खुशीत होते. अब्बा म्हणाले, बशीर, ही काय सांगते ते ऐक. मी सांगितलं की मला चाँद दिसला होता. चाचांचा हात आधी डोक्यावर गेला. मग ते अब्बांना म्हणाले, तुम्ही तर नाय बोललात.

"माझा उजवा डोला गेलाय," अब्बा म्हणाले. "डाव्याचा भरवसा नाय. आजपासून मना विचारू नको." दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये, कुणी वाटेनं जाताना पावसाचं बोलावं तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. चाचांनी माझ्याकडे वळून विचारलं की नक्की बघितलास, की बापाची लाज राखायला बोलतेस. प्रश्न योग्य होता. मी टॉवर सांगितला, उजवा हात सांगितला, निजलेली होडी सांगितली. एकटीनंच, त्यांनी विचारलं. एकटीनंच, मी म्हणाले. मुंबईहून फोन यायला अजून तासभर होता, तेव्हा आमच्या बिल्डिंगपुरता तो चाँद माझ्या एकटीच्याच तोंडी होता.

"मी उद्या पयली तारीख धरतंय," अब्बा म्हणाले. "हिनं बगलाय. तू तुझं बग."

ज्या मुलीनं दोन दिवसांपूर्वी मंगळाची टोपी पाहिली होती तिच्या शब्दावर. बशीरचाचा कापलेल्या केसांवरून हात फिरवत उभे राहिले आणि आम्ही वर निघालो. पहिल्याच पायरीला अब्बांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्याकडे बाप वयात आलेल्या मुलीच्या खांद्यावर असा हात ठेवत नसत. मला वाटलं, शेवटी कौतुक वाटलंच. मी छाती काढून चढायला लागले. दुसऱ्या वळणावर तो हात घट्ट झाला, अब्बांचं पाऊल पायरीला ठेचलं, आणि मला कळलं की त्यांना पायरी दिसत नव्हती.